दिव्यांग लेकरांच्या सेवेसाठी नेतृत्व प्रशिक्षण: बोलवावं कुणाला, शिकवावं काय?

प्रश्न: गटप्रवर्तक, यवतमाळ जिल्हा

नमस्कार. मी आशाताईंची गटप्रवर्तक आहे. माझ्याकडची गावं बहुतेक कोरडवाहू, कापूस-तूर-सोयाबीनची, मधूनमधून कोलामांचे पोड, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्त्या. वाढीत मागे पडलेल्या आणि दिव्यांग लेकरांच्या सेवा सुधाराव्यात म्हणून तालुक्यावर दोन दिवसांचं नेतृत्व प्रशिक्षण ठरलं आहे. रूपरेषा करायचं काम माझ्याकडे आलंय. नमुना म्हणून एक जुना कागद मिळाला. त्यात नेतृत्वाचे गुण, प्रभावी संवाद, ताणतणावाचं व्यवस्थापन, मग गटचर्चा आणि शेवटी प्रमाणपत्र वाटप. विषय वाईट नाहीत, पण वाचताना डोळ्यांसमोर एकही लेकरू येईना.

एका लेकराचं सांगते म्हणजे अडचण कळेल. पोडावरचा चार वर्षांचा मुलगा. अजून बसत नाही, मान कशीबशी धरतो. आशाताईच्या वहीत त्याचं नाव आहे. अंगणवाडीच्या रजिस्टरात तो तीव्र कमी वजनाच्या मुलांत आहे. आरबीएसकेच्या, म्हणजे सरकारी बाल आरोग्य तपासणीच्या टीमनं तपासून संदर्भ चिठ्ठी दिली, म्हणजे त्यांच्याकडेही नोंद आहे. इतक्या ठिकाणी नोंद झाली आणि लेकरू खाटेवर होतं तिथंच आहे. आई चिठ्ठी घेऊन जिल्ह्याला जाऊन आली. तिथल्या थेरपिस्ट ताईंनी व्यायाम नीट समजावला, दर आठवड्याला या म्हणाल्या. जायला दोन गाड्या बदलाव्या लागतात, दिवसाची मजुरी बुडते, आणि कापूस वेचणी लागली की घरी थांबायला माणूस नसतं. ती पुन्हा गेली नाही. विचारलं तर म्हणाली, "तिथं गेलं तं बरं वाटते ताई, पन दर आठवड्याले कसं जाव?"

यात कामचुकार कुणी नाही. ज्यानं त्यानं आपलं काम केलं. पण त्या लेकराला पुढे नेणं हे कुणाच्याच कामात बसत नाही. नेतृत्व हवंय ते इथे, असं मला वाटतं. म्हणून विचारते, प्रशिक्षणाला फक्त कर्मचारी बोलवावेत की आईवडीलसुद्धा? आणि दोन दिवसांत नेमकं काय करून घ्यावं? कुणी केलं असेल तर सविस्तर लिहा.

उत्तर: विशेष शिक्षक, बुलढाणा जिल्हा

ताई, शाळेच्या बाजूनं थोडं सांगतो. कायद्याला तासभर द्याच. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 चा. त्यात 21 प्रकारचं दिव्यांगत्व धरलं आहे. कलम 31 प्रमाणे 40 टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या 6 ते 18 वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत मोफत शिकायचा हक्क आहे, आणि दोन्हींतून निवड करायची ती मुलानं आणि घरच्यांनी. पालकांना एवढं एकच पक्कं करून द्या. "हा आमच्या शाळेत चालणार नाही" असं कुणी म्हटलं तर तो त्यांचा सल्ला झाला, निर्णय नव्हे.

सर्वोच्च न्यायालयानं 2021 मध्ये विशेष शिक्षकांचं प्रमाणही सांगितलंय, प्राथमिकला 10 दिव्यांग मुलांमागे एक आणि उच्च प्राथमिकला 15 मुलांमागे एक. पालकांना हा आकडा माहीत असला की ते शाळा व्यवस्थापन समितीत तोंड उघडतात.

गट साधन केंद्रातल्या, म्हणजे शिक्षण विभागाच्या तालुका केंद्रातल्या विशेष शिक्षकाला दोन्ही दिवस बसवा, नुसता सत्कारापुरता बोलवू नका. अंगणवाडीतून पहिलीत येताना ही मुलं यादीतून गळतात. सेविकेनं आणि आम्ही समोरासमोर बसून नावं जुळवली तरच ते थांबेल.

उत्तर: एक आई, वर्धा जिल्हा

ताई, तुमचा प्रश्न सकाळी वाचला अन् दिवसभर तोच डोक्यात. माझी मुलगी चौदा वर्षांची आहे, सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला इजा झाल्यामुळे हालचालींवर ताबा राहत नाही. जन्मली तेव्हा लवकर रडली नव्हती. आम्ही खेड्यात राहतो, घरची शेती आहे. आमच्या तालुक्यात आता पालकांचा गट आहे आणि नव्यानं येणाऱ्या आईवडिलांना आम्हीच शिकवतो. म्हणून जरा हक्कानं लिहिते, लांबलं तर वाचून घ्या.

आईवडिलांना बोलवाच, पण ऐकायला बोलवू नका. कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण वेगळं आणि पालकांचा मेळावा वेगळा, असं तर मुळीच करू नका. मेळाव्यात आया खाली सतरंजीवर, पाहुणे वर खुर्चीवर. हार होतात, भाषणं होतात, आणि तिच्या लेकराबद्दल त्या बाईला एक शब्दही न विचारता तिला घरी पाठवतात. सगळ्यांना एकाच सतरंजीवर गोल बसवा. आई, आशाताई, सेविका, आरबीएसकेचे डॉक्टर, विशेष शिक्षक, ग्रामसेवक. घरात ज्यांचं चालतं तेही हवेत. आमच्याकडे बऱ्याच घरी ते सासूच्या हातात असतं, म्हणून सासवांना आग्रहानं बोलावलं होतं.

आमच्या प्रशिक्षणात पहिलं सत्र आयांनी घेतलं. ज्या बाईनं ते सुरू केलं ती कधी चारचौघांत बोललेली नव्हती. तिला सांगितलं होतं, भाषण नाही करायचं, लेकराला घास भरव, बस. आधी ती पूर्वी कशी भरवायची ते तिनं दाखवलं. पोरगी मांडीवर आडवी, डोकं मागे लोंबलेलं, वरणाचं पाणी वाटीनं ओठाला. ठसका लागायचा, छाती घरघरायची, वरचेवर न्यूमोनिया. मग ती भिंतीला टेकून बसली. पोरीला पोटाशी टेकवून सरळ बसवलं, मानेला मागून हात, हनुवटी जराशी खाली. वरणात भाकर कुस्करून घट्टसर केलेली. चमचा समोरून, खालच्या अंगानं आणला, जिभेवर हलका दाबला आणि थांबली. "इथं थांबाव लागते," म्हणाली. "गिळलं का पाहाव, मंगच दुसरा घास." जेवण झाल्यावर अर्धा तास आडवं करत नाही, हेही सांगितलं. खोलीतले सगळे त्या चमच्याकडे बघत होते, डॉक्टरसुद्धा. एका सेविकेनं विचारलं, वजन वाढलं का? तिनं कार्डच पुढे केलं.

सेविकांनी त्या दिवशी एक गोष्ट धरली. कमी वजनाचं लेकरू दिसलं की आपण आहार वाढवतो. पण ज्याला गिळताच येत नाही, त्याला जास्तीचं ताट देऊन काय होणार? आधी त्याला कसं भरवतात ते डोळ्यांनी बघायचं, मग थेरपिस्टला दाखवायचं. हे बघायला यंत्र लागत नाही, जेवणाच्या वेळी घरी जावं लागतं. तुमच्या पोडावरच्या मुलाकडेही कुणी तरी जेवणाच्या वेळेला जा, ही माझी हात जोडून विनंती.

आता तुमच्या मुख्य दुखण्यावर येते, की लेकरू कुणाचंच काम नाही. आम्ही यावर एक नेम केला. प्रत्येक लेकरामागे एका माणसाचं नाव. पदाचं नाव चालत नाही, माणसाचं हवं. कुणाची आशाताई असेल, कुणाची सेविका, एका मुलाचे तर शेजारचे निवृत्त गुरुजी आहेत. पुढची तारीख लक्षात ठेवणं, कागद कुठे अडलाय ते विचारणं, आई खचली तर घरी जाणं, एवढं त्या माणसाचं काम. ते नाव ठरवताना आई तिथं बसलेली पाहिजे आणि तिनं हो म्हटलं पाहिजे. तुमच्या दोन दिवसांतून बाकी काही नाही झालं तरी चालेल, पण तालुक्यातल्या माहीत असलेल्या प्रत्येक लेकरासमोर एक नाव लिहिलं गेल्याशिवाय कुणाला उठू देऊ नका.

थेरपीसाठी जिल्ह्याला जाणं आमच्याही बायांना जमत नव्हतं. आमची मागणी साधी होती, थेरपिस्ट ताईंनी महिन्यातून दोन वेळा बाजाराच्या दिवशी ग्रामीण रुग्णालयात बसावं. बाजाराला गावोगावची माणसं येतातच, वेगळं भाडं नाही, वेगळी मजुरी बुडत नाही. निवेदनं बरीच दिली होती. गाडं हललं ते आम्ही कागद केला तेव्हा. एकेका लेकराचं एकेक पान. वय, गाव, त्रास काय, जिल्ह्याचं अंतर, जायचं-यायचं भाडं, बुडणारी मजुरी, शेवटी कधी दाखवलं. सगळी पानं दोऱ्यानं शिवली आणि ती घेऊन अधिकारी साहेबांकडे गेलो. साहेबांनी पहिला प्रश्न केला, "लेकरं आहेत किती?" सातवी शिकलेली एक आई उभी राहिली आणि तिनं गाववार वाचून दाखवलं. वाचता वाचता एका गावाला थांबली, म्हणाली, "ह्या दोघी सख्ख्या बहिणी हायेत साहेब, मायले दोघीइले उचलून आनता येत नाही." साहेबांनी पानं मागून घेतली, चाळली, आणि तिथंच फोन लावला.

थेरपिस्ट ताई यायला लागल्या. पण सुरू झालेलं बंदही पडतं, हे बाकी कुणी शिकवत नाही. पावसाळ्यात खंड पडला, मग सुट्ट्या आल्या. म्हणून आता आमच्यातली एक आई आदल्या दिवशी ताईंना फोन करते आणि येणार असतील तर गटात निरोप टाकते. एवढ्याशा फोनवर सगळं उभं आहे.

कार्यालयात बोलायचा सराव तुमच्या प्रशिक्षणात नक्की ठेवा. आम्ही टेबल-खुर्ची मांडून करतो. कुणी बाबू होतं, कुणी आई. बाबू म्हणतो, "उद्या या." आईनं तिथून परत फिरायचं नाही. विचारायचं, कोणत्या तारखेला, किती वाजता, कुणाला भेटू, तुमचं नाव काय? अर्ज दिला की दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायची, शिक्का आणि आवक क्रमांकासकट. पहिल्यांदा बायांचा आवाज फुटत नाही. तिसऱ्या खेपेला फुटतो. सराव करताना खऱ्या कार्यालयातला एखादा कर्मचारी आईच्या जागी बसवता आला तर फार बरं. आमच्याकडे एका दादांना तसं बसवलं, तर उठल्यावर त्यांनी आपणहून आपल्या टेबलावरच्या कामाला कोणते कागद लागतात त्याचा तक्ता लिहून दिला.

ग्रामसभेचंही बघा. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नाचे 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबरला ग्रामसभा भरते, तिथं हा विषय आईनंच काढावा आणि मागणी नेमकी असावी. आमच्या गावात सुताराकडून कोपऱ्यात ठेवायची बसकी खुर्ची करून घेतली, पुढे फळी, मध्ये आडवा दांडा, म्हणजे पाय एकमेकांवर जात नाहीत. माप थेरपिस्ट ताईंनी दिलं. नुसतं "दिव्यांगांसाठी काही तरी करा" म्हटलं की सतरंज्या आणि भांडी वाटली जातात.

दिवस कोणते धरता हे फार महत्त्वाचं. वेचणीत आई येणार नाही, सोयाबीन काढणीत येणार नाही. पोळा, महालक्ष्म्या आटोपल्या की काढणीच्या आधी थोडी सवड असते, ती पकडा. मजुरी आणि भाडं रोख, त्याच दिवशी. हॉल तळमजल्यावर हवा, कारण आया लेकरं घेऊनच येणार. लेकरांसाठी बाजूला गादी आणि दोन माणसं ठेवा, नाही तर आईचा अर्धा जीव तिकडेच.

उत्तर: फिजिओथेरपिस्ट, नागपूर

वर्ध्याच्या ताईंनी जे लिहिलंय ते अमेरिकेत मोठ्या कार्यक्रमांचा पाया आहे. तिथे लेंड नावाचं नेतृत्व प्रशिक्षण चालतं, खास विकासात्मक दिव्यांगत्व असलेल्या मुलांच्या सेवांसाठी. बालरोगतज्ज्ञ, थेरपिस्ट, मानसशास्त्रज्ञ, समाजकार्यकर्ते एकत्र शिकतात, दीर्घ अभ्यासक्रम 300 तासांचा किंवा जास्त असतो, आणि कुटुंब हा तिथे एक स्वतंत्र विषय मानतात. पालक शिकणारेही असतात, शिकवणारेही. मिनेसोटा राज्यात 1987 मध्ये पार्टनर्स इन पॉलिसीमेकिंग सुरू झालं, ते तर पालकांसाठी आणि स्वतः दिव्यांग असलेल्या प्रौढांसाठीच.

पण एवढ्या लांब बघायची गरज नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या सर्च संस्थेनं खेड्यातल्या, कमी शिकलेल्या बायांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. त्या घरी जाऊन बाळ तपासायच्या. नवजात बाळांचे मृत्यू 62 टक्क्यांनी कमी झाले, हा निष्कर्ष 1999 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला, आणि पुढे 2011 पासून आशांच्या गृहभेटी देशभर त्याच वाटेनं सुरू झाल्या. कामं मोजकी आणि नेमकी ठेवली होती, सराव पुन्हा पुन्हा होता आणि मागे देखरेख होती.

म्हणून माझी एकच सूचना. दोन दिवस सलग घेऊ नका. एक दिवस आता, दुसरा पाच-सहा आठवड्यांनी. मधल्या काळात प्रत्येकानं आपल्या नावावरच्या लेकराचं एक काम पुढे न्यायचं आणि दुसऱ्या दिवशी ते सांगायचं. जागतिक आरोग्य संघटनेचं अशा मुलांच्या पालकांसाठीचं प्रशिक्षणही 9 गटसत्रं आणि 3 गृहभेटी असं पसरवलेलं आहे. एका दमात ऐकलेलं हातात उतरत नाही.

आशांसाठी अजून एक. त्यांच्या गृहभेटी बाळाच्या 3, 6, 9, 12 आणि 15 महिन्यांना असतातच. 6 महिन्यांच्या भेटीत बाळानं मान पक्की धरलेली दिसली पाहिजे, 9 च्या भेटीत आधाराशिवाय बसतंय का, 12 च्या भेटीत नावानं हाक मारल्यावर वळून बघतंय का, एवढं बघितलं आणि शंका आली की त्याच आठवड्यात कळवलं, तर चार वर्षांचं लेकरू खाटेवर सापडण्याची वेळ येणार नाही. 18 महिन्यांपर्यंत चालत नसेल तर थांबायचंच नाही. 'मुलगे उशिराच बोलतात', 'याचा बापही उशिरा चालला' ही वाक्यं गावोगाव ऐकू येतात. त्यावर काय बोलायचं याचा सराव आशांकडून करून घ्या, कारण घरातल्या मोठ्यांसमोर त्यांनाच गप्प बसावं लागतं.

उत्तर: अंगणवाडी सेविका, अमरावती जिल्हा

सगळं पटलं. पण मनातलं बोलू का? पोषण ट्रॅकरचं मोबाइल ॲप आहे, रजिस्टरं आहेत, आणि 2023 च्या नोव्हेंबरपासून दिव्यांग बालकांसाठी अंगणवाडीचा प्रोटोकॉलही आला, लेकरू ओळखा, सामावून घ्या, पुढे पाठवा. करायची इच्छा आहे. माझ्या अंगणवाडीत एक मुलगी आहे, तिला मी रोज माझ्याजवळ बसवते आणि ती आता ताटलीतलं स्वतः उचलून खाते. पण लेकरामागे नाव म्हणजे परत एक नवीन नोंदवही, तिचा परत आढावा, आणि राहिलं तर बोलणी आम्हालाच. याचं काय?

उत्तर: एक आई, वर्धा जिल्हा

सेविकाताई, तुमचं बरोबर आहे. तुमच्यावर अजून एक वही लादली तर मीच त्याला विरोध करीन. आम्ही नवीन वही केलेलीच नाही. लेकरामागे ठरलेल्या माणसाचं नाव आणि फोन नंबर लेकराच्या माता-बाल संरक्षण कार्डाच्या मागच्या पानावर लिहितो. मोठ्या मुलांचं युडीआयडी कार्डाच्या, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राच्या झेरॉक्सवर. कार्ड आईजवळ राहतं. त्याचा आढावा वरून कुणी घेत नाही, आम्ही पालकच बाजाराच्या दिवशी एकमेकींना विचारतो. सगळी नावं सेविकांवर पडणार नाहीत हेही त्याच बैठकीत बघायचं, एका माणसाकडे दोनपेक्षा जास्त लेकरं नकोत. आणि तुमच्या त्या मुलीच्या आईला प्रशिक्षणात पहिल्या सत्राला उभं करा, ताटलीतलं उचलून खायला कसं शिकवलं ते तुम्ही दोघी मिळून दाखवा.

प्रश्नकर्ती: गटप्रवर्तक, यवतमाळ जिल्हा

सगळ्यांचे मनापासून आभार. रूपरेषा फाडून नव्यानं लिहायला घेतली आहे. दोन दिवसांत पाच-सहा आठवड्यांचं अंतर, पहिलं सत्र आयांचं, टेबल-खुर्चीचा सराव, आणि उठायच्या आधी नावं. साहेबांना हे पटवायचंय, प्रमाणपत्र वाटप काढलं म्हणून विचारतील. एक राहिलं. पोडावरच्या बाया कोलामी बोलतात, सगळ्यांसमोर मराठीत बोलायला लाजतात. त्यांचं कसं करू?

उत्तर: एक आई, वर्धा जिल्हा

पोडावरचीच थोडी शिकलेली मुलगी सोबत घ्या आणि तिलाही दिवसाची मजुरी द्या, दुभाषी म्हणून. आईनं कोलामीतच बोलावं, तिनं मराठीत सांगावं. सत्राला वेळ दुप्पट धरा. एकटी बाई येणार नाही, पोडावरच्या दोघी-तिघी मिळून बोलवा आणि आदल्या दिवशी तुम्ही स्वतः जाऊन सांगा, निरोप पाठवू नका. साहेबांना प्रमाणपत्र हवंच असेल तर ते आयांच्या नावानं करा, 'प्रशिक्षक' असं लिहून. तारीख ठरली की इथं टाका. आमच्या गटातल्या दोघी यायला तयार आहेत, एसटीनं येऊ, राहायची सोय तेवढी बघा.